कोकणात उतरलेला वाडा

सन १८५०. दिवाळी होऊन गेली आहे. तुम्ही कोकणात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात उभे आहात. फलटणकडच्या धनगरांचा वाडा, म्हणजे कुटुंबं आणि कळपांचा तांडा, नुकताच घाट उतरून आलाय. तिकडे माळावरचं गवत संपलं की मेंढरं इकडे येतात.

बायका घोड्यांच्या पाठीवरून बिऱ्हाड उतरवतायत. तुम्ही उत्साहानं कळपाकडे धावता.

"पाव्हणं, पळू नगासा! एक बुजलं की समदी उधळत्याल," वाड्यातले म्हातारबा ओरडतात.

खरंच आहे. मेंढीला लढता येत नाही, तिचं संरक्षण घोळक्यात. डोळ्यांतल्या आडव्या बाहुल्यांमुळे मान न वळवता तिला बाजूचं आणि बरंचसं मागचंही दिसतं, त्यामुळे लांडग्याची चाहूल लवकर लागते.

म्हातारबा एकीचा जबडा उघडून दाखवतात. वर पुढचे दातच नाहीत, नुसती टणक हिरडी! खालचे पक्के दात मोजून ते वय सांगतात, "दोनदाती हाय." म्हणजे साधारण दीड वर्षाची. पाच महिन्यांचा गाभ काढून ती विते आणि शेकडो कोकरांतून आपलं पिल्लू वासानं ओळखते.

अंधार पडतो. मेंढरं रवंथ करू लागतात. माणसाला न पचणारा पालापाचोळा चार कप्प्यांच्या पोटात जिरतो आणि सकाळपर्यंत खाचरभर लेंड्या नि मूत पडतं. शेताला हेच खत, आणि त्याचसाठी शेतकरी वाड्यावर आलाय. "उद्या मेंढरं माझ्या शेतात बसवा," तो विनवतो. मोबदल्यात धान्य देतो. मेंढरू धनगराचं, शेत त्याचं. पण पुढच्या हंगामाचं पीक दोघांच्या मेहनतीचं.

थंडी वाढते. कुणीतरी काळी घोंगडी तुमच्या अंगावर टाकतं. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ, टोचणारी. पण ओली झाली तरी ऊब सोडत नाही. नर कोकरं बाजारात विकायची, माद्या राखायच्या. लोकर, खत आणि रोकड, तिन्ही एकाच जनावरातून. पाऊस सुरू होण्याआधी वाडा घाट चढेल, कारण इथल्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात.

आता आजच्या काळात या. खताची गोणी दुकानात मिळते, काळ्या लोकरीला भाव उरलेला नाही, तरीही कळप दरवर्षी घाट उतरतात. शेत असेल तर पीक निघाल्यावर त्यात मेंढरं बसवा. नसेल तर हातमागावरची अस्सल घोंगडी विकत घ्या. आपल्या मातीला त्या खताची आणि मेंढपाळांना या आधाराची आजही गरज आहे.