छप्पनच्या सालातली ढोरं

आमच्या घरात एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. खापरपणजोबांकडे दोनशे ढोरं होती. (वऱ्हाडात 'ढोरं' ही शिवी नाही मंडळी, गायीगुरांना सरसकट म्हणतात.) पूर्णेच्या काठाला वाडा, मागे गोठा, चार गायकी कामाला. मग छप्पनचं साल आलं, इंग्रज आला आणि सगळं गेलं. उरलीसुरली ढोरं धाकट्या भावाने मेळघाटात नेली ती परत आणलीच नाहीत. म्हणून आजही त्या घराचं आणि आमचं फारसं पटत नाही. लग्नाची पत्रिका जाते, माणूस जात नाही.

मागच्या दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा मोठेबाबांनी (म्हणजे बाबांचे मोठे भाऊ) हीच गोष्ट माझ्या मुलीला सांगितली. सात वर्षांच्या त्या बाईंनी विचारलं, "म्हणजे कधी?" मोठेबाबा म्हणाले, "अवो, छप्पनमधी!" "कोणत्या छप्पनमधी?"

बोंबला! पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. आणि मी म्हणे दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो.

मी आपला 1856 धरून चाललो होतो. जुळतंही होतं. 1853 साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्याआधी तर इथे दुअमली, म्हणजे निजाम आणि नागपूरकर भोसले दोघंही सारा वसूल करायचे. ती 1803 मध्ये संपली. त्याच वर्षी डिसेंबरात वेलस्लीने गाविलगड घेतला. या किल्ल्याचं नावच मुळी गवळ्यांवरून पडलंय, इतका हा डोंगर गुराढोरांचा. तर 1853 ला इंग्रज आला आणि 1856 ला ढोरं गेली. केस क्लोज.

फक्त एक घोळ होता. खापरपणजोबा तेव्हा जन्मले तरी होते का?

मग लागोपाठ सात-आठ वीकेंड यात गेले. बायकोच्या मते जास्तच.

सुरुवात कोतवाल बुकापासून केली. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. विदर्भात गावातल्या जन्म-मृत्यूची जी जुनी नोंदवही असते तिला कोतवाल बुक म्हणतात. तहसिलीच्या अभिलेख कक्षात लाल फडक्यात बांधलेली असते. जातीच्या दाखल्यासाठी लोक तिथे खेटे घालतात, कारण त्यात जातीचा रकाना आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आलाय. आमच्या ऑफिसात कोबोल येणाऱ्याला येतो तसा.

तिथे आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, जन्म सापडला. 1915. नाव नाहीच! बाळाचं बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची, त्यामुळे नुसतं 'मुलगा'. पण बापाचं नाव आहे आणि पुढे 'वल्द' म्हणून त्याच्या बापाचं. निजामाचं राज्य गेलं तरी त्याची फारसी आमच्या कागदांतून गेली नाही. हा 'वल्द' म्हणजे शुद्ध लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीकडे बोट दाखवते. आईचं नाव मात्र कुठेच नाही. दोनशे ढोरांची गोष्ट आमच्यापर्यंत पोचली, पण त्यांच्या धारा काढणाऱ्या बाईचं नाव पोचलं नाही. हे मला तेव्हाही लागलं, आत्ता लिहितानाही लागतंय.

त्याच बुकात पणजोबांचा मृत्यू मिळाला. वय बघून त्यांचा जन्म 1885 च्या आसपास येतो. म्हणजे त्यांचे वडील, आमचे गोठ्याचे मालक, साधारण 1855 चे. 1856 मध्ये ते पाळण्यात असणार. दोनशे ढोरं राहू द्या, त्यांना धड बसताही येत नसेल.

मग छप्पन कोणतं? कागद काढून बसलो. आपल्याकडे एकाच वेळी चार-चार सनावळ्या चालायच्या. शके असेल तर 78 मिळवा, म्हणजे 1756 चे होतात 1834. निजामी फसली असेल तर 590 मिळवा, 1256 चे 1846. इसवी असेल तर 1856. आणि विक्रम संवत असेल तर 56-57 वजा करा. संवत 1956, म्हणजे 1899-1900.

इथे मी खुर्चीतून उठलोच. संवत 1956 म्हणजे छप्पनचा महादुष्काळ! राजस्थान-गुजरातेत अजून 'छप्पनिया' म्हणतात तो. वऱ्हाडात संवत कुठून आला? सावकाराच्या वहीतून. मारवाडी पेढ्यांच्या चोपड्या संवतात चालायच्या. ज्याचं कर्ज त्याचं कॅलेंडर. आमच्या पूर्वजांनी आपलं सगळ्यात वाईट वर्ष सावकाराच्या आकड्यात लक्षात ठेवलं.

पण ढोरं गेली ती नुसता पाऊस पडला नाही म्हणून? इथे जरा वाचावं लागलं. लक्ष्मण सत्या नावाच्या इतिहासकारांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यावर एक (1997) आणि मध्य भारतातल्या गुराढोरांवर एक (2004) अशी पुस्तकं लिहिलीत. त्यातून आणि जुन्या गॅझेटिअरमधून मला समजलेलं चित्र थोडक्यात असं:

1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव आभाळाला टेकले. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. गावोगाव मोजणी होऊन रयतवारीने सारा बसला. अमेरिकेतली लढाई संपून भाव कोसळले तरी कापूस काही हटला नाही, कारण सारा रोखीत भरायचा आणि रोख पैसा कापसातच. मग जी पडीक आणि गवताची जमीन होती ती नांगराखाली गेली. दुसरीकडे मेळघाटातली जंगलं राखीव होऊ लागली, चराईला पैसे पडू लागले. ज्वारी कमी तर कडबा कमी. पऱ्हाटी काय, चुलीत घालायच्या कामाची.

म्हणजे आमच्या खापरपणजोबांचं आख्खं आयुष्य, 1855 ते 1900, हे वऱ्हाडातलं गवत संपत जाण्याचं आयुष्य आहे. आणि ते स्वतःही त्यात होतेच! जुन्या ट्रंकेत एक कबाला निघाला, त्यात त्यांनी शेजारची पडीक जमीन कापसासाठी घेतल्याचं दिसतं. चराईची जागा त्यांनी स्वतःच कमी केली. त्या वेळी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आपण सगळे तेजीतच घर घेतो ना?

मग 1899 चा पावसाळा कोरडा गेला. चारा नाही, पाणी नाही. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी एरवीही खारं. ढोरं पटापट मेली, माणसंही. 1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या जवळजवळ 28 लाख 97 हजार होती. दहा वर्षांनी ती वाढायची सोडून 27 लाख 54 हजारांवर आली.

आता उरला धाकटा भाऊ.

श्राद्धात आपण बाप, आजा, पणजा अशी तीनच नावं घेतो. चौथा माणूस विधीतून गळतो. पण तीर्थोपाध्यायांच्या वहीतून गळत नाही. गाव आणि आडनाव सांगितलं की नाशिक-त्र्यंबकचे गुरुजी पिढ्यान्‌पिढ्यांचं बाड काढतात. (हरिद्वारच्या अशाच वह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या लोकांनी काढून नेल्यात. आपल्याला आपल्या बॅकअपची किंमत नसते.) आमच्या गावाचं पान निघालं. मोडीत चार ओळी. शके 1823, म्हणजे 1901. थोरले भाऊ आदल्या वर्षी वारले, त्यांचं क्षेत्रकार्य करायला कोण आलं होतं? धाकटा भाऊ. आणि त्याच्यासोबत पुतण्या, म्हणजे आमचे सोळा वर्षांचे पणजोबा.

ढोरं घेऊन पळालेला माणूस वर्षभरात पुतण्याला हाताशी धरून भावाचं तिलोदक द्यायला नाशिकला येईल? मला नाही वाटत. माझा अंदाज असा, की त्याने ढोरं मेळघाटात नेली ती जगवायला. तिथेही गवत नव्हतं. परत आणायला काही उरलंच नसेल. 1901 मध्ये दोन्ही घरं एका पानावर होती. भांडण नंतरचं असावं. इंग्रज, साहेब, सावकार यांच्यापैकी कोणाचाच हात पोचत नसला की माणूस भावाची कॉलर धरतो.

हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नाही, हे मान्य. मोठेबाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाप्पा... मंग आपुन इतके वर्स काऊन भांडून राह्यलो?" याचं उत्तर कोणत्याच रेकॉर्ड रूममध्ये नाही.

त्या घरातली एक मुलगी माझ्या वयाची आहे, पुण्यातच असते, माझ्या ऑफिसपासून चार किलोमीटरवर. आजवर कधी भेटलो नव्हतो. गेल्या रविवारी वहीच्या पानाचा फोटो घेऊन गेलो. तिने पान झूम करून पाहिलं, मग विचारलं, "आमच्या घरी तर म्हणतात की ढोरं तुम्ही विकून खाल्ली?"

असो. पुढच्या महिन्यात अकोल्याला लग्न आहे, त्यांच्याकडे. मोठेबाबांनी तिकीट काढायला सांगितलंय. दोघांचं.