मॅटसन, ऑली

मॅटसन, ऑली : (१ मे १९३०–१९ फेब्रुवारी २०११). अमेरिकन फुटबॉलमधील अष्टपैलू रनिंग बॅक आणि ऑलिंपिक पदकविजेते धावपटू. जन्म टेक्सस राज्यातील ट्रिनिटी येथे. शालेय वयातच ते सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि तेथील सिटी कॉलेजात व पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात फुटबॉल खेळले.

१९५१ च्या हंगामात विद्यापीठाच्या संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. मॅटसन यांनी त्या हंगामात १,५६६ यार्डांची धाव व २१ टचडाउन अशी देशात सर्वाधिक कामगिरी केली. इतके होऊनही हंगामानंतरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्याचे निमंत्रण संघाला मिळाले नाही. मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू वगळून येण्याची अट होती. संघाने ती एकमुखाने धुडकावली. त्यानंतर पैशाअभावी विद्यापीठाने फुटबॉल संघच बंद केला. या संघातील मॅटसन, जीनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर असे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसन यांनी ४०० मी. धावण्यात कांस्यपदक मिळविले. ४ × ४०० मी. रिलेत मॅटसन अमेरिकेकडून पहिला टप्पा धावले. जमैकाने ३ मिनिटे ३.९ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि अवघ्या ०.१ सेकंदाच्या फरकाने अमेरिकेला रौप्यपदक मिळाले.

त्याच वर्षी खेळाडूनिवडीत तिसऱ्या क्रमांकावर त्यांना घेणाऱ्या शिकागो कार्डिनल्स संघाकडून त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली. पहिल्या हंगामात ते बचावफळीतही खेळले. १९५३ चा हंगाम लष्करी सेवेत गेला.

क्वार्टरबॅककडून चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढणे हे रनिंग बॅकचे मुख्य काम. मॅटसन पासही झेलत आणि लाथाडलेले चेंडूही परतवत. किकऑफ परतवणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी उंच मारलेला चेंडू आपल्या टोकाशी झेलून, समोरून पूर्ण वेगाने येणाऱ्या अकरा जणांना चुकवत पुढे न्यावा लागतो. १९५६ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्यांनी गोलरेषेच्या पाच यार्ड मागे चेंडू झेलला आणि मैदानाची सगळी लांबी कापून १०५ यार्डांवर टचडाउन केला. धिप्पाड देह आणि ऑलिंपिक धावपटूचा वेग एकाच खेळाडूत असल्यामुळे त्यांना अडवणाऱ्याची पंचाईत होई : जवळ गेले तर धडक, लांब राहिले तर हुलकावणी.

१९५९ मध्ये लॉस अँजेलिस रॅम्सने एकट्या मॅटसन यांच्या बदल्यात नऊ जणांचा मोबदला दिला. हा व्यवहार जुळवणारे व्यवस्थापक पीट रोझेल हे पूर्वी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात क्रीडाप्रसिद्धीचे काम पाहत. रॅम्सनंतर मॅटसन १९६३ मध्ये डेट्रॉइट लायन्सकडून आणि १९६४ ते १९६६ या काळात फिलाडेल्फिया ईगल्सकडून खेळले.

चौदा हंगामांत त्यांनी चेंडू घेऊन ५,१७३ यार्ड धाव घेतली आणि २२२ पास झेलून ३,२८५ यार्ड मिळविले. परतीच्या धावांसह ही बेरीज सुमारे १२,८०० यार्ड, म्हणजे साडेअकरा किलोमीटरांहून अधिक होते. निवृत्तीच्या वेळी या एकूण यार्डांत त्यांच्यापुढे फक्त जिम ब्राउन होते. ७३ टचडाउनपैकी ४० धावून, २३ पास झेलून आणि ९ किकऑफ व पंट परतवून झाले. मात्र ते ज्या संघांत खेळले, त्यांनी या चौदांपैकी केवळ दोन हंगामांत पराभवांपेक्षा अधिक विजय मिळविले. अजिंक्यपद मॅटसन यांच्या वाट्याला आले नाही.

१९७२ मध्ये व्यावसायिक आणि १९७६ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. उतारवयात त्यांना स्मृतिभ्रंश जडला. अखेरच्या चार वर्षांत त्यांचे बोलणे थांबले होते. घरातल्या मोटारी धुण्याचा परिपाठ मात्र चालू होता. लॉस अँजेलिस येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतरच्या तपासणीत, डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांशी निगडित ‘सीटीई’ हा मेंदूविकार प्रगत अवस्थेत आढळला. केवळ धावेच्या यार्डांवरून त्यांचे मोजमाप अपुरे ठरते. धाव, झेल आणि परतवणे या तिन्ही कामांत आपल्या काळातील अग्रगण्यांत गणना व्हावी, असे ते खेळाडू होते.