आज्ञाखंड आणि निनावी प्रोसीजर : परतीच्या आज्ञेचा प्रश्न

काही आज्ञांची मोळी बांधून ती दुसऱ्या प्रोसीजरच्या हाती सोपविण्याची सोय आज बहुतेक संगणकभाषांत आहे. परंतु ही मोळी भोवतालच्या आज्ञावलीचा अवयव मानावी की स्वतंत्र प्रोसीजर, याविषयी भाषाकारांत एकमत नाही. या मतभेदाचे मूळ दोन भिन्न परंपरांत आहे.

पहिली परंपरा अल्गोलची. १९६० च्या अहवालानुसार ‘बिगिन’ व ‘एंड’ यांमधील आज्ञाखंडास, म्हणजे ब्लॉकला, स्वतःची चले असत. तरी ‘गो टू’ने त्यातून थेट बाहेर पडता येई. दुसरी परंपरा तर्कशास्त्राची. अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा-कलनात फलनास नावाची गरज नसते. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पवरील १९६० च्या निबंधात ते चिन्हांकन स्वीकारले. पीटर लँडिन यांनी १९६५ साली अल्गोलचे लॅम्डा-पदांत रूपांतर करून दोहोंची सांगड घातली. मात्र मूल्य बदलणे आणि उडी मारणे यांसाठी चर्च यांचे चिन्हांकन त्यांना अपुरे पडले व त्यात भर घालावी लागली. पुढील वाद याच सांध्यावर उद्भवला, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

यादीतील पहिली ऋण संख्या शोधणारी प्रोसीजर घेऊ. यादीतील प्रत्येक संख्येवर चालणाऱ्या मोळीत ‘सापडली, परत जा’ अशी आज्ञा आहे. परतावयाचे कोठून? स्मॉलटॉक-८० मध्ये ब्लॉकमधील ही आज्ञा भोवतालची संपूर्ण पद्धतीच संपविते. त्यामुळे नवी नियंत्रणरचना भाषेत बदल न करता ग्रंथालयातच निर्माण करता येते. परंतु ब्लॉक साठवून ठेवला आणि ती पद्धती आधीच संपली, तर परतण्यास स्थानच उरत नाही व दोष उद्भवतो.

जावाने २०१४ साली, आठव्या आवृत्तीत, दुसरा मार्ग पत्करला: तेथील लॅम्डातील परतीची आज्ञा केवळ त्या लॅम्डापुरती असते. त्यामुळे वरील शोध मध्येच थांबविण्यास निराळी योजना करावी लागते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या रूबीने ब्लॉक व लॅम्डा हे दोन्ही प्रकार ठेविले. दोहोंत परतीचा अर्थ भिन्न आहे.

तात्पर्य, हा भेद केवळ लेखनसौकर्याचा नव्हे. मोळी जागच्या जागी वापरावयाची असेल तेथे ब्लॉकचा अर्थ स्वाभाविक ठरतो. ती साठवून पुढे केव्हातरी चालवावयाची असेल तेथे प्रोसीजरचा अर्थ सुरक्षित होय. दोहोंस एकच चिन्ह देणाऱ्या भाषेने आपली निवड वाचकास स्पष्ट सांगितली पाहिजे.