रिकाम्या खोक्यावरचा चंद्र

लहानपणी माझ्या वाट्याला आलेले सर्वांत मोलाचे खेळणे म्हणजे एक रिकामा खोका. आतले खेळणे शेजारच्या घरी होते.

आमचे गाव रत्नागिरीच्या बाजूचे, खाडीकाठचे. घरटी एखादा माणूस बोटीवर असे, आणि तो रजेवर आला की आळीभर परदेशी साबणाचा वास दरवळे. माझ्या मित्राचे वडीलही बोटीवर होते. त्यांनी १९८० च्या सुमारास कुठल्याशा युरोपीय बंदरावरून थोरल्या मुलासाठी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे एक अवकाशयान आणले होते. थोरला मोठा झाला, ठोकळे धाकट्याकडे म्हणजे माझ्या मित्राकडे आले. पण तोवर जुळणीची पुस्तिका नाहीशी झाली होती आणि ठोकळे बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडले होते. खोका मात्र काकूंनी पापड ठेवण्यासाठी जपला होता. १९८८ च्या दिवाळीची आवराआवर चालली असता तो माळ्यावरून खाली आला. मी त्याच्याकडे असा काही पाहत राहिलो असेन की काकू म्हणाल्या, "घेऊन जा रे बाबा. वह्या ठेवायला होईल."

वह्या त्यात फार दिवस राहिल्या नाहीत. वह्यांनी चित्र झाकले जात नव्हते, पण खोका उलटासुलटा करून पाहता येत नव्हता. चित्रात एक निळे-करडे, पाचरीसारखे निमुळते यान चंद्राच्या खड्ड्याखळग्यांच्या जमिनीवर उतरलेले होते. त्याच्या काचा पिवळ्या आणि पारदर्शक. यानाच्या पोटातून एक चिमुकली गाडी बाहेर पडत असे. शेजारी एक ठेंगणे ठाणे, आणि आसपास वावरणारी चार माणसे, दोन तांबड्या पोशाखातली, दोन पांढऱ्या. चौघेही हसत होते. मला त्या वेळी याचेच नवल वाटले. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या चंद्रावरच्या माणसाला तोंडच नव्हते, नुसते काचेचे शिरस्त्राण होते.

त्या संचाचा आकडा ९२८. अमेरिकेत तोच ४९७ या आकड्याने विकला जाई, नाव 'गॅलेक्सी एक्सप्लोरर', तुकडे ३३८, आणि बाजारात आला १९७९ साली, हे सारे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आईला मात्र १९७९ हे साल वेगळ्याच कारणाने आठवे. त्या वर्षी 'स्कायलॅब' नावाची अमेरिकेची प्रयोगशाळा आकाशातून कोसळणार होती, आणि ती नेमकी आपल्याच कौलांवर पडणार अशी आपल्या देशात गावोगाव हूल उठली होती. ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यातुकड्यांनी पडली. इकडे माणसे आकाशाकडे धास्तीने पाहत होती, आणि त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या एका आडगावातून हसऱ्या चांद्रवीरांचे खोके भरून बाहेर पडत होते!

ते गाव बिलुंड. तिथे ओले कर्क क्रिस्टियन्सन नावाचा सुतार होता. मंदीच्या दिवसांत घरे बांधून घेणारे कुणी उरले नाही, तेव्हा १९३२ साली त्याने शिड्या, इस्त्रीचे पाट आणि त्यांच्या जोडीला लाकडी खेळणी करायला घेतली. त्याच वर्षी त्याची बायको वारली. पदरात चार मुलगे. 'चांगले खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचे तुकडे जोडून त्याने आपल्या मालाला 'लेगो' हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लॅस्टिक ओतण्याचे यंत्र विकत घेतले आणि १९४९ साली एकमेकांवर बसणारे ठोकळे काढले.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण गौरवगाथांत ती बहुधा गाळली जाते. ही कल्पना त्या सुताराची नव्हती. हिलरी फिशर पेज नावाच्या इंग्रज गृहस्थाने 'किडिक्राफ्ट' या नावाने तसे ठोकळे आधीच विकायला आणले होते, आणि लेगोचे पहिले ठोकळे त्यांवरून उतरवलेले होते. पेज १९५७ साली वारला, तोही स्वतःच्या हाताने. किडिक्राफ्टचे उरलेसुरले हक्क लेगोने विकत घेतले ते १९८१ साली. डेन्मार्कच्या ठोकळ्यात खरी भर पडली ती १९५८ च्या जानेवारीत, जेव्हा ओले कर्कचा मुलगा गॉटफ्रेड याने ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या बसवण्याचे पेटंट मागितले. खालच्या ठोकळ्याची बटणे त्या नळ्या आणि ठोकळ्याच्या भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात. घट्ट, तरी पोराच्या बोटांनी सुटतील इतकी. दोनच महिन्यांनी म्हातारा गेला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

गॉटफ्रेडच्या डोक्यात आणखी एक गोष्ट भरली होती. १९५४ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर त्याला कोपनहेगनच्या एका मोठ्या दुकानाचा खरेदी-अधिकारी भेटला, आणि त्याने गाऱ्हाणे केले की खेळण्यांच्या धंद्यात कसली पद्धतच नाही. प्रत्येक खेळणे आपले एकटे, दुसऱ्याशी त्याचे नाते नाही. पुढच्याच वर्षी सगळे तुकडे सगळ्या तुकड्यांना जुळतील अशी योजना घेऊन लेगो बाजारात उतरली. नात्याचा हा हिशेब कुठवर जातो पाहा. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती तऱ्हांनी जुळतील? पुष्कळ वर्षे कंपनी सांगत असे, सुमारे १० कोटी २९ लाख. पुढे कोपनहेगनच्या गणितज्ञांनी पुन्हा मोजदाद केली तेव्हा दिसले की त्या आकड्यात फक्त एकावर एक चढवलेले मनोरेच धरले होते. खरा आकडा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले फळ्याकडे न पाहता माझ्याकडे संशयाने पाहतात.

चंद्राकडे लेगोचे लक्ष सर्वांबरोबरच गेले. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, १९७२ च्या डिसेंबरात शेवटचा परतला. १९७५ साली लेगोने चंद्रावतरणाचा एक संच काढला. पण त्यातली माणसे यानाच्या मानाने इतकी धिप्पाड होती की ती आत बसणार कशी, हा प्रश्न कुणालाही पडावा. तो सोडवला येन्स नायगार्ड क्नुडसेन या कारागिराने. १९७८ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी चार सेंटिमीटरची एक बाहुली तयार केली. हात हलतात, पाय वाकतात, तोंड पिवळे, त्यावर दोन ठिपके आणि एक हसू. ना वंशाचा पत्ता, ना देशाचा. या बाहुलीच्या मापाने तीन जगे रचली गेली: शहर, किल्ला आणि अवकाश. अवकाशाचे यान क्नुडसेननेच घडवले. चांद्रवीरांच्या छातीवर सोनेरी गोल आणि त्याला वळसा घालून जाणारे एक तांबडे यान. कुठल्याही राष्ट्राचा झेंडा नाही. अमेरिका आणि रशिया यांची चढाओढ ऐन भरात असताना एका लहानशा देशातल्या माणसाने बिनझेंड्याचा चंद्र रचला, हे मला आजही मोठे वाटते. आधुनिक युद्धाची खेळणी करायची नाहीत, हे त्या घराण्याचे जुने धोरण होते. (किल्ल्यातल्या शिपायांच्या हाती भाले-तरवारी होत्या, हा भाग निराळा. जुन्या हिंसेचे आपल्याला सगळ्यांनाच कौतुक असते.)

आता पुन्हा खोक्याकडे येतो. त्या काळी खेळण्यांच्या खोक्यांवर चित्रकार असे काही रंगवीत की आतली वस्तू पाहून मुलाने रडावे. लेगोने तसे केले नाही. यान ठोकळ्यांनी खरोखर जुळवायचे, खड्ड्यांची जमीन आणि टेकड्या मांडायच्या, आणि त्या देखाव्याचे छायाचित्र घ्यायचे, अशी त्यांची रीत. त्यामुळे चित्रातल्या यानावरची बटणे मोजता येत. आमचे सगळे राजकारण त्यावर उभे राहिले. मित्राकडे ठोकळे होते, पण पुस्तिका नव्हती; माझ्याकडे चित्र होते, पण ठोकळे नव्हते.

"खोका घेऊन ये," तो म्हणाला.

"मग मला बसवायला देशील?"

"बघू."

तीन दिवस आम्ही त्यांच्या पडवीत बटणे मोजली. जी बाजू चित्रात दिसत नव्हती तिथे काय असेल यावरून दोनदा मारामारी झाली, आणि शेवटी जे यान उभे राहिले त्याचे नाक चित्राबरहुकूम व पाठ आमच्या मनासारखी होती.

पण खरी गंमत खोक्याच्या पाठीमागे होती. तिथे याच ठोकळ्यांची आणखी निरनिराळी याने आणि ठाणी जुळवून त्यांची छायाचित्रे छापलेली होती; आणि ती कशी जुळवावी हे कुठेही सांगितलेले नव्हते. पुस्तिका हरवली म्हणून नव्हे. त्यांची पुस्तिका कधी छापलीच जात नसे! त्या जुन्या संचांची ही रीतच होती: एका यानाची कृती द्यायची, बाकीची नुसती दाखवायची. मी अठरा वर्षे शाळेत शिकवतो आहे. सोडवलेले उदाहरण एक, आणि खाली न सोडवलेली दहा, हा आमचाही धडा. पण उत्तराचे चित्र दाखवून वाट तेवढी लपवावी, ही युक्ती मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवली नाही.

त्या दिवसांत आम्हाला ठाऊक नव्हते की तो चंद्र तिकडे बदलून गेला होता. १९८७ साली 'ब्लॅकट्रॉन' नावाचा काळ्या यानांचा संच आला, १९८९ साली त्यांना पकडायला अवकाशातले पोलीस आले, आणि त्यांच्याबरोबर कोठडीही आली. मुलांना शत्रू लागतो, असे दुकानदार म्हणत असतील. त्यांचे अगदीच खोटे नसावे. १९९९ साली 'स्टार वॉर्स' या चित्रपटांची याने आली आणि खूप खपली. ती सुंदर आहेत, माझ्या वर्गातल्या मुलांना आवडतात. पण त्या खोक्यावरच्या माणसांची नावे, भांडणे आणि शेवट आधीच ठरलेला असतो. आमच्या चौघांना नावे नव्हती. ती आम्ही दिली होती, आणि एका तांबड्याचे नाव आमच्या हेडमास्तरांचे होते. पाठीमागची ती बिनकृतीची चित्रेही पुढे खोक्यांवरून नाहीशी झाली.

जुन्या चांद्रवीरांचे हसू मात्र टिकले. त्यांच्या शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा इतका बारीक होता की तो हमखास तुटे, आणि छातीवरचा सोनेरी शिक्का खेळून खेळून पुसला जाई. २०१४ साली लेगोच्या बाहुल्यांचा मोठा चित्रपट आला, तेव्हा त्यातला निळा चांद्रवीर मुद्दाम तसाच दाखवला होता, पट्टा तुटलेला आणि शिक्का झिजलेला. जगभरचे चाळिशीतले प्रेक्षक त्या तुटक्या पट्ट्याला हसले असतील, आणि थोडे गप्पही झाले असतील. तीन बाहुल्या तर खरोखरच अवकाशात गेल्या. २०११ च्या ऑगस्टात 'जुनो' हे यान गुरूकडे निघाले, त्यात ज्युपिटर, त्याची पत्नी जुनो आणि दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ अशा तीन मूर्ती होत्या, अॅल्युमिनियमच्या. २०१६ च्या जुलैत त्या गुरूपाशी पोचल्या.

माझा मित्र वडिलांसारखाच बोटीवर गेला. मधली बरीच वर्षे आमची गाठ पडली नाही. त्याला रजा मिळे तेव्हा माझ्या परीक्षा असत. खोक्याला एका पावसाळ्यात वाळवी आणि ओल दोन्ही लागली, आणि पाठीचा पुठ्ठा तेवढा मी कापून ठेवला. गेल्या दिवाळीत तो सहकुटुंब गावी आला. मुलासाठी त्याने ते यान आणले होते. २०२२ साली लेगोने आपल्या नव्वदाव्या वर्षी जुने यान मोठे करून पुन्हा काढले, त्याचे तुकडे १,२५४. संचाचा आकडा १०४९७. जुना ४९७ त्यात शेपटासारखा ठेवलेला आहे. मुलाने जाड पुस्तिका उघडून पानामागून पान उलटीत दोन दिवसांत यान पुरे केले, कपाटावर ठेवले, आणि तो पतंगाच्या मागे गेला.

मी घरी जाऊन पुठ्ठा घेऊन आलो. कडा बुरशीने काळ्या पडलेल्या, एक यान अर्धे वाळवीने खाल्लेले. मुलगा परत आल्यावर त्याने तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला.

"काका, याची पुस्तिका कुठाय?"

"नाही."

"हरवली?"

त्याच्या बापाने माझ्याकडे पाहिले, उठून कपाटावरचे यान खाली काढले आणि त्याचे नाक खटकन उपटले. पोर ओरडले. रात्री साडेअकराला वहिनी जेवणाची भांडी आवरून दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही तिघे जमिनीवर पालथे पडलो होतो, वाळवीने खाल्लेल्या बाजूला काय असेल यावरून वाद चालला होता, आणि एक चाक कमी पडत होते.