तापलेल्या सुरांचा इतिहास

क्षिप्राकाठचे आमचे भैरवगढ बाहेरच्यांना ठाऊक असते ते कालभैरवाच्या देवळामुळे आणि बाटिकच्या छपाईमुळे. इथल्या कारागिराचे निम्मे लक्ष शेगडीवरच्या मेणात असते. मेण निवले तर कापडात मुरत नाही. फार तापले तर रेघ सोडून पसरते. घरगुती अॅम्प्लिफायरची गोष्टही मला याच जातीची वाटते. तिचा इतिहास म्हणजे उष्णता सांभाळण्याचा इतिहास.

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तीन अग्रांची नळी केली आणि क्षीण विद्युतलहर मोठी करण्याची वाट सापडली. या नळीतली तार तापल्याखेरीज इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. म्हणजे तेव्हा उष्णता ही आवाजाची जननीच होती. पुढे घरोघरच्या रेडिओंत आलेल्या ईएल-८४ या व्हॉल्व्हची तार तापवायलाच सुमारे ४.८ वॉट खर्ची पडत. म्हणून रेडिओची पाठ भोकाभोकांची असे.

आमच्याकडे असा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या मागच्या खाचेत रेकॉर्ड-प्लेअर जोडून नाना रविवारी नाट्यपदे लावीत. शिंद्यांची राजधानी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरला गेली, तरी उज्जैनीत मराठी घरे उरली. पण शाळा, बाजार, शेजार सारे हिंदी. आम्हा भावंडांच्या कानी घराबाहेरची मराठी पडे ती या तबकड्यांतूनच.

डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याला तापती तार नको होती; उष्णता आता शत्रू ठरली. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. जर्मेनियम तापले की त्यातून जास्त प्रवाह वाहतो, जास्त प्रवाहाने ते आणखी तापते, आणि हे चक्र आवरले नाही तर ट्रान्झिस्टर जळतो. शंभर अंशांच्या आतच त्याची सहनशक्ती संपते. १९५४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॉर्डन टील यांनी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. तो दीडशे अंश आणि त्याहूनही अधिक सोसू लागला.

नानांनी व्हॉल्व्हचा रेडिओ काढून जर्मेनियमचा अॅम्प्लिफायर जोडून घेतला. आईने हौसेने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आम्ही तो भिंतीला टेकवून कपाटात ठेवला. ज्येष्ठातल्या एका दुपारी पद रंगात आले असताना जळका वास आला आणि आवाज बंद पडला. दुरुस्तीला तीन महिने गेले. तेवढ्यात धाकटी बहीण पाठ असलेली पदे विसरली आणि आमच्याशीही हिंदीतच बोलू लागली. नाना त्या दिवसांत फारसे बोलले नाहीत.

मिस्त्रीने रुमाल उचलून एवढेच विचारले, ‘मास्साब, इसको साँस कौन देगा?’ त्याने सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बसवले. ते अॅल्युमिनियमच्या दातेरी पट्टीवर, मध्ये अभ्रकाची चकती आणि पांढरा लेप देऊन. अभ्रक वीज अडवते, उष्णता जाऊ देते. एक छोटा ट्रान्झिस्टर त्याने पट्टीलाच चिकटवला. पट्टी तापली की तो मोठ्यांचा प्रवाह आपोआप कमी करतो.

हिशेब सोपा आहे. एका वॉटमागे २ अंश तापणाऱ्या पट्टीवर २० वॉट उष्णता आली, तर ती भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंश वर जाते. खोली २५ अंशांवर असेल तर पट्टी ६५ वर थांबेल. आमच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांत ८२ वर. बंद कपाटातली हवाच ५५ अंशांची झाली, तर ९५! थंड देशांतल्या पुस्तकांचे आकडे माळव्यात तसेच्या तसे चालत नाहीत.

आताचे डी वर्गातले अॅम्प्लिफायर भर आवाजात नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचवतात. त्यांना पट्टीही लहान पुरते. पण त्यांनाही हवा लागतेच. जुने यंत्र घरी असेल तर ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वरचे झाकण मोकळे ठेवा.

नानांचा अॅम्प्लिफायर आजही वाजतो. नातवंडे त्यावर पदे ऐकतात आणि शब्दांचे अर्थ विचारतात. आईचा रुमाल आम्ही टाकला नाही. तो आता तबकड्यांच्या पेटीवर असतो.