नैसर्गिक वायूचे नळवहन : मापन-एकके व करारसंज्ञा

नळमार्गाने नैसर्गिक वायू वाहून नेताना त्याची मोजणी ज्या एककांत होते आणि वाहक व ग्राहक यांचे हक्क व दायित्वे ज्या संज्ञांनी ठरतात, त्यांचा विकास महाराष्ट्रात मुंबई हाय क्षेत्राच्या शोधानंतर झाला. दाब व तापमान यांनुसार वायूचे घनफळ बदलते. म्हणून व्यवहारापूर्वी एककाची व्याख्या करणे अपरिहार्य ठरते.

एकके : १५° से. तापमान व १.०१३२५ बार दाब असताना एक घनमीटर जागा व्यापणाऱ्या वायूस प्रमाणित घनमीटर म्हणतात. ३०° से. तापमानाचा १,००० घनमीटर वायू त्याच दाबाखाली १५° से. पर्यंत थंड केल्यास सु. ९५० घनमीटर भरतो. तापमानाचा उल्लेख नसलेल्या करारात एवढी तफावत वादाचे कारण होऊ शकते. शिवाय ग्राहकास प्रत्यक्षात उष्णता हवी असते आणि घटकांनुसार वायूचे उष्णतामूल्य बदलते. त्यामुळे दर दहा लक्ष ब्रिटिश उष्णता-एककांवर आकारतात. हे परिमाण सु. २,५२,००० किलोकॅलरींएवढे असून १०,००० किलोकॅलरी उष्णतामूल्याच्या सु. २५.२ प्रमाणित घनमीटर वायूपासून मिळते. ज्वलनात निर्माण होणाऱ्या वाफेची सुप्त उष्णता हिशेबात धरल्यास स्थूल व वगळल्यास निव्वळ उष्णतामूल्य मिळते. १ नोव्हेंबर २०१४ पासून देशी वायूस स्थूल मूल्यानुसार ५.०५ डॉलर दर लागू झाला. निव्वळ मूल्यानुसार तोच दर ५.६१ डॉलर होता.

इतिहास : मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर निघणारा वायू किनाऱ्यावर आणण्याची सोय होईपर्यंत त्याचा पुरेसा उपयोग होत नव्हता. १९७८ मध्ये समुद्रतळावरील नळमार्ग उरणपर्यंत आला आणि तुर्भे परिसरातील खत व वीज उद्योगांस हे इंधन मिळू लागले. १९८४ मध्ये भारतीय गॅस प्राधिकरणाची स्थापना झाली. २००७ मध्ये दहेजहून उरण व पनवेलमार्गे दाभोळपर्यंत नळमार्ग जोडला गेला. २०१३ मध्ये दाभोळ येथे द्रवरूप वायू उतरविण्याचे केंद्र व बंगळूरकडे जाणारा नळमार्ग कार्यान्वित झाला. परिणामी आधी केवळ निर्गमस्थान असलेले दाभोळ प्रवेशस्थानही बनले.

करारसंज्ञा : वायूचा मालक तो प्रेषक व नळमार्ग चालविणारा तो वाहक होय. प्रवेशस्थानी अनेक प्रेषकांचे वायू एकमेकांत मिसळतात. त्यामुळे निर्गमस्थानी तोच वायू नव्हे, तर तितक्याच उष्णतेचा वायू देण्याचे दायित्व वाहकावर असते. भारतात वायुदिन सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत गणतात. त्या दिवसासाठी प्रेषक आगाऊ मागणी नोंदवितो. नळात घातलेल्या व काढलेल्या वायूतील फरकास असंतुलन म्हणतात. राखून ठेवलेली क्षमता न वापरली तरी तिचे शुल्क द्यावे लागते, हे ‘वाहा अथवा भरा’ कलम होय. वायूच्या खरेदीतील तत्सम कलम म्हणजे ‘उचला अथवा भरा’. युद्ध, भूकंप यांसारख्या अनिवार्य आपत्तीत या दायित्वातून सूट मिळते.

अशा कलमांत मागणी घटण्याची जोखीम ग्राहकावर पडते. दाभोळ प्रकल्पाचा १९९३ चा करार विजेच्या खरेदीचा होता. परंतु त्यात हेच तत्त्व होते. वीज पूर्ण प्रमाणात घेतली नाही तरी क्षमताशुल्क देणे राज्य वीज मंडळास बंधनकारक होते. दराचा वाद विकोपास जाऊन २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला.

कायदा : २००६ च्या अधिनियमान्वये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाची तरतूद झाली. नळमार्गाच्या मालकाखेरीज इतरांनाही भेदभावाविना वहनक्षमता मिळावी, यासाठी मंडळाने २००८ मध्ये प्रवेशविषयक विनियम केले. १ एप्रिल २०२३ पासून परस्परांशी जोडलेल्या नळमार्गांसाठी अंतराच्या टप्प्यांवर आधारित एकीकृत वहनदर लागू झाला. विक्री व वहन हे व्यवहार अशा रीतीने वेगळे होऊ लागल्यामुळे एककांच्या व संज्ञांच्या नेमक्या व्याख्यांना न्यायदृष्ट्याही महत्त्व प्राप्त झाले आहे.