गुपित विभाजन

गुपित विभाजन : एखादे गुपित अनेक व्यक्तींत वाटून ठेवण्याची गणितीय पद्धती. ठराविक संख्येइतके वाटे एकत्र आल्यास गुपित उलगडते. एक जरी वाटा कमी पडला, तरी त्याविषयी काहीच कळत नाही. गुप्तलेखनात सुरक्षितता किल्लीवर अवलंबून असते. किल्ली एकाच ठिकाणी ठेवल्यास ती गहाळ होण्याचे भय असते आणि तिच्या प्रती वाढविल्यास चोरीचे. या पेचातून ही पद्धती उदयास आली.

सी. एल. ल्यू यांच्या १९६८ मधील ग्रंथात एक कूटप्रश्न आहे : अकरा शास्त्रज्ञांपैकी किमान सहा हजर असतील तरच कपाट उघडावे, तर कुलपे किती लागतील? उत्तर येते ४६२ कुलपे आणि प्रत्येकाजवळ २५२ किल्ल्या! आदी शमीर यांनी १९७९ मधील आपल्या निबंधाचा आरंभ याच प्रश्नाने केला. त्याच वर्षी अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज ब्लेकली यांनीही स्वतंत्रपणे, छेदणाऱ्या प्रतलांच्या भूमितीवर आधारलेली पद्धती मांडली. शमीर यांची रचना अधिक आटोपशीर असून तीच विशेष रूढ झाली.

तिचे मूळ लाग्रांझ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अंतर्वेशनात आहे. दोन बिंदूंनी एकच सरळ रेषा निश्चित होते, तीन बिंदूंनी द्विघाती बहुपदी. उदा., गुपित ५ असून कोणतेही दोन वाटे पुरेसे व्हावयाचे असल्यास ५ + ३क्ष ही राशी घेऊन क्ष = १, २, ३ साठी येणाऱ्या किंमतींना ११ ने भागावे. बाक्या ८, ०, ३ हे तीन वाटे होत. सहगुणक ३ यदृच्छया निवडलेला असतो. म्हणून केवळ ८ हा वाटा हाती असणाऱ्यास ० ते १० यांपैकी प्रत्येक संख्या सारखीच संभाव्य वाटते. येथील गुप्तता आकडेमोडीच्या काठिण्यावर विसंबलेली नाही, हेच तिचे खरे बळ. संगणक कितीही वेगवान झाला, तरी त्याचा येथे उपयोग नाही.

मात्र वाटणारा प्रामाणिक आहे, हे मूळ पद्धतीत गृहीत धरलेले आहे. वाट्यांची सत्यता तपासता येईल अशा योजना १९८५ पासून पुढे आल्या. जोडलेले गुपित अखेर एकाच हाती येते, ही उणीव राहतेच.

आंतरजालाच्या नावव्यवस्थेची मूळ किल्ली २०१० मध्ये तयार झाली, तेव्हा तिच्या राखीव प्रती उघडण्याच्या किल्लीचे वाटे सात व्यक्तींकडे सोपविण्यात आले. त्यांपैकी पाच एकत्र येणे आवश्यक ठरविले होते.